रेंजच्या खडकावरचा ठिपका

मला भीती वाटायला फारसं कारण लागत नाही. कुलूप लावून निघाले की चार पावलांवरून परत येऊन ते ओढून बघते. फोन वाजून मध्येच बंद झाला की कुणाचं काय झालं असेल हे माझ्या मनात आधी येतं आणि फोन कुणाचा होता हे नंतर. आमच्या घरात हा थट्टेचा विषय आहे. नवरा म्हणतो, ज्या दिवशी तुला कशाचीच भीती वाटणार नाही त्या दिवशी मी घाबरेन. म्हणून त्या शनिवारी संध्याकाळी भीती वाटली तेव्हा मी आधी स्वतःलाच दटावलं, झालं हिचं सुरू. पण ती भीती नेहमीची नव्हती. तिला कारण होतं, आणि ते कारण माझ्यासमोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल ठिपका होऊन बसलं होतं.

त्या ठिपक्याचं सांगायचं तर आधी आमच्या पाड्याचं सांगावं लागेल.

माझं माहेर खोडाळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर. थोडीशी घरं, खालच्या बाजूला भाताची खाचरं, वरच्या उतारावर नागली. मी आश्रमशाळेत शिकले, मग कॉलेजसाठी जव्हारला आले आणि लग्न होऊन जव्हारचीच झाले. नवरा इथे नोकरीला आहे. मी घरी बसून लोकांच्या वेबसाइट करते. एका लॉजची, एका रोपवाटिकेची, लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाची. पाड्यात अजून कुणाला नीट सांगता येत नाही की मी नेमकं काय करते. आई सांगते, पोर टायपिंग करते.

पाड्यात मोबाइलला रेंज नाही. घरात नाही, अंगणात नाही, विहिरीवर नाही. ती मिळते एकाच ठिकाणी. पाड्याच्या मावळतीला मोठा उघडा सडा आहे, नुसत्या कातळाचं पठार, त्याच्या अगदी टोकाला एक बसका खडक, आणि खडकाच्या पुढे काही नाही. कडा सरळ खाली दरीत जातो. त्या खडकावर उभं राहिलं की फोनला सगळ्या काड्या येतात. आम्ही त्या खडकालाच रेंज म्हणतो. आई कुठे गेली, तर रेंजला गेली. दिवाळीनंतर पाड्यातले लोक भिवंडीकडे, वसईकडे कामाला जातात, तेव्हा दिवेलागणीला तो खडक भरून जातो. मागे राहिलेल्या बायका आणि म्हातारी माणसं तिथे बसून आपापल्या माणसाच्या फोनची वाट बघतात. ज्याचा फोन त्यानेच उचलायचा असंही नाही. खडकावर जो असेल तो उचलतो आणि निरोप घरी पोचवतो. जगाशी बोलायचं असेल तर तिथे जायचं, आणि जगाला आमच्याशी बोलायचं असेल तरी ते तिथेच येणार, इतकं हे अंगवळणी पडलेलं आहे.

पावसाळ्यात मात्र खडक रिकामा असतो. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, सगळे घरी आलेले असतात, फोन करायचा कुणाला? शिवाय खडकावर शेवाळ धरतं आणि धुकं आलं की सडा कुठे संपतो ते कळत नाही. आईला मी एरवी दर शनिवारी दिवेलागणीला फोन करते. घरात फोन एकच, दादाचा, पण शनिवारी तो तिच्या हातात असतो. पाऊस लागला की गणपतीपर्यंत हे बंद. मीच तिला बजावून ठेवलं होतं, की मी फोन करणार नाही आणि तू खडकावर जायचं नाही. तिने मान हलवली होती. मी निर्धास्त होते. माझ्या भीतीच्या मोठ्या यादीतून तेवढी एक तरी गोष्ट कमी झाली होती.

दादाने घराला लागून दोन खोल्या काढल्या. जव्हारला फिरायला येणारी माणसं शिरपामाळ बघतात, राजवाडा बघतात आणि मग विचारतात, खेड्यात कुठे राहता येईल का, चुलीवरची भाकरी मिळेल का. त्यांच्यासाठी या खोल्या. दिवाळी झाली की दादाला कामासाठी बाहेर पडावं लागू नये, इतकं त्यातून सुटलं तर सुटावं, एवढीच त्याची अपेक्षा होती. मी त्याला वेबसाइट करून दिली. फोटो सुंदर होते, मजकूर मी मनापासून लिहिला होता. हिवाळाभर ती साइट कुणीही बघितली नाही. ओळखीतून जे पाहुणे आले त्यांना दादा मोटरसायकल घेऊन खोडाळ्याच्या बाजारातून घेऊन यायचा, म्हणून रस्त्याचा प्रश्न कधी आलाच नाही.

साइट दिसत का नाही, हे मला माहीत होतं. माणूस पान वाचतो तेव्हा त्याला कळतं की हे नाव आहे, हा पत्ता, हे खोलीचं भाडं. शोधणाऱ्या यंत्राला तसं आपोआप कळतंच असं नाही. आईच्या चुलीमागे एकसारखे डबे आहेत. कशात हळद, कशात मीठ, कशात सुकट, हे तिला डोळे मिटून कळतं. पण परक्या बाईला स्वयंपाक करायला लावायचा तर प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावावी लागेल. गूगलचं यंत्र ती परकी बाई. पानाच्या पोटात, बघणाऱ्याला न दिसणाऱ्या जागी, या चिठ्ठ्या लिहायच्या असतात. त्यांना स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात. ही राहण्याची जागा. हे तिचं नाव. हा फोन. पाहुण्यांनी येण्याची वेळ ही. आणि जागा जगाच्या पाठीवर नेमकी कुठे आहे, त्याचे अक्षांश-रेखांश हे. चिठ्ठ्या बरोबर असल्या तर शोधताना आपली जागा नाव, फोटो, भाडं यांसकट नीट मांडून दिसण्याची शक्यता वाढते. एक स्वल्पविराम चुकला तर सगळं वाया जातं.

उन्हाळ्यात मी हे काम हातात घेतलं. माझ्यासारख्या भित्रीला ते मानवतं, कारण पुन्हा पुन्हा तपासायला तिथे वाव असतो. दादाने सुचवलं की पाहुण्यांनी पाच तारे दिलेत असंही टाकून दे, सगळे टाकतात. मी त्याला झापलं. पानावर जे नाही ते चिठ्ठीत लिहायचं नसतं, पकडले गेलो तर यंत्र आपल्याला कायमचं मागे ढकलेल. फोनच्या जागी मी माझा नंबर टाकला, कारण दादाचा कधी लागणार नाही. पत्त्याला गाव, तालुका, जिल्हा. राहिले ते आकडे. दादाला निरोप धाडला, की लोकेशन पाठव. त्याने ते त्याच दिवशी पाठवलं. मी त्यातले आकडे उचलून चिठ्ठीत टाकले, आणि पानावर रस्ता दाखवणारं एक बटण केलं, तेही त्याच आकड्यांवर चालणारं. तपासणीच्या पानावर सगळं हिरवं आलं. ती तपासणी फक्त एवढं बघते, की आकड्याच्या जागी आकडा आहे ना. तो आकडा कुठला, हे ती विचारत नाही.

मीही विचारलं नाही. दादाने लोकेशन पाठवलं म्हणजे ते रेंजवरून पाठवलं, दुसरीकडून ते जाऊच शकत नाही. माणूस जिथे उभा असेल तिथलं ते जातं. पाड्यातल्या कुणालाही सांगितलं असतं तर त्याने हेच केलं असतं आणि त्यात त्याला काहीच वावगं वाटलं नसतं.

पाऊस लागेपर्यंत साइट दिसू लागली. जव्हारजवळ खेड्यात राहण्याची सोय असं शोधलं की आमच्या खोल्या वरती, खोलीच्या दारातल्या जास्वंदीच्या फोटोसकट. मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं. आनंद झाला, नाही असं नाही, पण त्याच रात्री मला वाटलं, आता अनोळखी माणसं येणार. ओळखीतून येणारा माणूस कुणाचा तरी असतो. हे कुणाचे असणार?

ते ठाण्याचे होते. नवरा, बायको आणि लहान मुलगी. बाईनेच फोन करून खोली ठरवली, आवाज मोकळा होता, धुकं बघायचंय म्हणाली. शनिवारी दुपारी तिने निघाल्याचं कळवलं आणि विचारलं की खोडाळ्याहून कुणी घ्यायला येईल का. मी जरा तोऱ्यातच सांगितलं, की गरज नाही, पानावरचं बटण दाबा, ते दारात आणून सोडेल. दादा आवणीत गुंतलेला होता. त्याला खोडाळ्यापर्यंत खेटा नको, असाही विचार त्यात होता.

संध्याकाळ व्हायला आली तसा पाऊस वाढला. समोरच्या घराचं छप्पर दिसेनासं झालं. मी कणीक मळत होते. फोन वाजला, ती बाई होती, आवाज तुटत होता. खोडाळा सोडून वर चढलो आहोत, इथे फाटा आलाय, एवढं कळलं. मग एक वाक्य स्वच्छ ऐकू आलं.

"ताई, मॅप डावीकडे दाखवतोय. डावीकडेच ना?"

आणि फोन बंद झाला.

मी कणकेच्या हातांनी तशीच उभी राहिले. खोडाळ्याच्या वर एका वडापाशी फाटा आहे, तिथे पाड्याचा रस्ता उजवीकडे वळतो. डावीकडे फक्त एक वाट आहे, रेंजला जाणाऱ्यांच्या मोटरसायकलींनी सड्यावर पाडलेली. गाडी जाईल इतकी ती रुंद आहे. ती कुठेच पोचत नाही, खडकापर्यंत जाते आणि संपते.

मी पान उघडलं, ठिपका दाबला आणि वरून काढलेलं चित्र मोठं करत गेले. घरं दिसायला हवी होती. दिसला करडा सडा, त्याची वेडीवाकडी कड, आणि कडेच्या पलीकडे गर्द काळपट हिरवं. ठिपका त्या कडेवर बसला होता.

बाईला फोन लावला, लागला नाही. दादाला लावला, लागला नाही. तो लागणारच नव्हता. इतर कुठलाही महिना असता तर या वेळी खडकावर कुणी ना कुणी असतं, कुणीतरी फोन उचलला असता, कुणीतरी गाडीपुढे आडवं गेलं असतं. पण आवणीचे दिवस. सगळा पाडा घरी. नंतर कळलं की खोडाळ्याची लाइट गेली होती आणि तिच्यामागून टॉवरही.

मग मी जे केलं त्याचं आज हसू यावं, पण येत नाही. मी साइटचा कोड उघडला आणि चित्रात आमच्या घराचं कौल शोधून, अक्षांश-रेखांश बदलले. जतन केलं. तपासणी लावली. सगळं हिरवं. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की त्यांच्या फोनमध्ये रस्ता आधीच आखला गेलाय. आता इथे काहीही बदललं तरी ती गाडी वळणार नाही. यंत्र माझी नवी चिठ्ठी त्याला वाटेल तेव्हा वाचेल.

नवरा मागे उभा राहून बघत होता. त्याने थट्टा केली नाही. रेनकोट माझ्या अंगावर टाकला आणि मोटरसायकल काढली.

तो रस्ता मी लहानपणापासून जीपमध्ये कोंबून, एसटीत उभी राहून, शेकडो वेळा केलेला आहे. त्या दिवशी तो संपेना. मोखाडा मागे पडला तसं धुकं इतकं दाटलं की दिव्याचा उजेड पुढच्या चाकापाशीच थांबत होता. मला ती मुलगी दिसत होती. मी तिला पाहिलेलं नव्हतं, तरी दिसत होती, मागच्या सीटवर, काचेला नाक लावून. मी नवऱ्याला सारखं म्हणत होते, जोरात चल, आणि वळण आलं की म्हणत होते, हळू. त्याने एका शब्दाने उलट उत्तर दिलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. तो गप्प आहे म्हणजे त्यालाही तेच दिसतंय.

खोडाळ्याच्या बाजारात अंधार होता. चहावाल्याने मेणबत्ती लावली होती. त्याला विचारलं तर म्हणाला, एक पांढरी गाडी मघाशी वर गेली, बिस्किटं घेतली त्यांनी. पोरगी झोपली होती.

वडाच्या फाट्याशी नवऱ्याने गाडी थांबवून दिवा जमिनीवर धरला. चिखलात टायरच्या दोन ताज्या रेघा होत्या. त्या डावीकडे गेल्या होत्या. त्यांच्यात पाणी भरत होतं.

सड्यावर मोटरसायकल नेणं शहाणपणाचं नव्हतं. आम्ही चालत निघालो, त्याच्या हातात विजेरी. मी हाका मारत होते, पण नाव माहीत असूनही तोंडातून येईना, नुसतं अहो, अहो, असंच येत होतं. हाक धुक्यात जाऊन विरत होती. प्रत्येक पाऊल टाकताना वाटत होतं, आता पुढे जमीन असेल की नाही. ज्या सड्यावर मी लहानपणी डोळे झाकून पळाले, तिथे मी पायाने चाचपडत चालले होते.

मग लाल उजेड दिसला. दोन दिवे, धुक्यात सुजल्यासारखे. गाडी उभी होती. चाकांवर, सरळ, उभी. मला रडू फुटलं आणि मी पळत जाऊन काचेवर हात मारला.

आत कुणीच नव्हतं.

मागच्या सीटवर बिस्किटाचा पुडा आणि एकच लहानशी चप्पल. दारं बंद. गाडीच्या नाकापासून पुढे थोडा खडक होता आणि मग पांढरं. नवऱ्याने विजेरी त्या पांढऱ्यात धरली. काही दिसलं नाही, खालून फक्त पाण्याचा आवाज येत होता. माणसं गाडीतून उतरली असतील, आपण कुठे आलो बघायला पुढे गेली असतील, एकामागे एक, हात धरून. मी हे शब्दांत म्हटलं नाही. पण त्या क्षणाइतकी भीती मला ना आधी कधी वाटली, ना नंतर. मी तिथेच खाली बसले.

नवऱ्याने मला दंडाला धरून उठवलं. म्हणाला, पाड्यात जाऊ, माणसं गोळा करू, दोर आणू. खडकापासून घराकडे एक पायवाट उतरते. त्या वाटेने मी कशी उतरले ते आठवत नाही.

दादाच्या दारात उजेड होता आणि आतून माणसांचे आवाज येत होते. मी उंबऱ्यातच थबकले. चुलीपाशी एक अनोळखी बाई आमच्या आईचं लुगडं अंगाभोवती गुंडाळून बसली होती. तिच्या मांडीवर लहान मुलगी होती आणि नागलीच्या भाकरीचा तुकडा हातात धरून तो खायचा की नाही हे ठरवत होती. तिचा बाप भिंतीला टेकून बसला होता. दादा लाकडं सारत होता. आई तव्याशी होती. तिच्या पाठीवरचं लुगडं अजून ओलंच होतं.

मी काय बोलले ते मला आठवत नाही. त्या बाईने माझा हात धरून मला खाली बसवलं, म्हणजे ती मला धीर देत होती. झालं काय ते तिच्या नवऱ्याने सांगितलं, तुटक तुटक, मध्येच थांबून. फोन म्हणत होता, अजून थोडं पुढे, अजून थोडं पुढे. तो म्हणाला, दारात आणून सोडेल असं सांगितलं होतं ना, म्हणून मी जात राहिलो. मग धुक्यात अचानक समोर काहीतरी उभं राहिलं. माणसासारखं नव्हतं. वर पाठीवर पानांचा भलामोठा ढीग, खाली दोन काटकुळे पाय, आणि दोन्ही बाजूंना पसरलेले हात. तो म्हणाला, खरं सांगतो, समोर माणूस आहे म्हणून मी थांबलो नाही. मी घाबरलो. पाय आपोआप ब्रेकवर गेला.

ती आई होती. पावसासाठी पानांचं इरलं घेऊन.

तिने काचेवर बोट वाजवून त्यांना खाली उतरवलं, पुढे काय आहे ते हाताने दाखवलं, पोरीला इरल्याखाली घेतलं आणि घरी आणलं. एवढं सगळं झालं तरी तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. ती भाकरी उलटत होती.

माणसं सुखरूप आहेत हे कळलं की भीती जाते, असा माझा समज होता. ती गेली नाही. ती नुसती एका जागेवरून उठून दुसऱ्या जागेवर बसली. मी आईकडे बघत होते आणि हळूहळू मला प्रश्न पडत होता. पाहुणे येणार हे तिला माहीत होतं, पण ते उजवीकडून येणार होते. आवणीच्या दिवसात, भर पावसात, दिवेलागणीला, जिथे मी जायचं नाही म्हणून बजावलं होतं तिथे, कड्याच्या टोकावर ही बाई करत काय होती?

पाहुणे जेवून खोलीत गेल्यावर मी तिला विचारलं. माझा आवाज चढला होता. ती खरकटं गोळा करत राहिली.

"शनवार नाय का आज," ती म्हणाली.

मी म्हटलं, शनिवार आहे, पण पावसात मी फोन करत नाही, आपलं ठरलं होतं. तुला माहीत होतं ना?

"म्हाइत होता."

मग?

तिने फोन कमरेच्या पिशवीतून काढला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर रबर लावून ठेवला होता. तिने तो कोनाड्यात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू केला आसता त?"

दादाने मान खाली घातली. त्याला ठाऊक होतं. पाऊस लागल्यापासून एकही शनिवार तिने सोडला नव्हता. तो ओरडायचा, ती हो म्हणायची, आणि शनिवारी खाचरातून परस्पर सड्याकडे निघून जायची. त्या संध्याकाळी तर टॉवरच बंद होता. फोनवर एकही काडी नव्हती. दादा म्हणाला, तुला काय दिसत नव्हतं का, रेंज गेली ते. आई म्हणाली, ती परत येते कधी कधी. म्हणून बसली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कौलांवर पाऊस वाजत होता आणि मी एकामागे एक ते सगळे शनिवार आठवत होते. त्या त्या संध्याकाळी मी जव्हारला काय करत होते? भाजी चिरत होते, साइटला किती माणसं आली ते बघत होते, आई घरात कोरडी बसलीय म्हणून निवांत होते. जगभरच्या गोष्टींची भीती बाळगणारी मी, आणि ज्याची वाटायला हवी होती त्याचीच वाटली नव्हती.

सकाळी धुकं थोडं वर गेलं. मी फोन घेऊन दादाच्या उंबऱ्यावर उभी राहिले आणि तिथले आकडे कागदावर उतरवून घेतले. त्यासाठी रेंज लागत नाही, हे मला आधीपासून माहीत होतं. जव्हारला जाऊन ते चिठ्ठीत टाकले, बटण तपासलं, पानावर ठळक अक्षरांत लिहिलं की वडाच्या फाट्यावरून उजवीकडेच या, आणि पावसाळ्यात खोडाळ्याहून घ्यायला माणूस येईल. दादाने डावीकडच्या वाटेच्या तोंडाशी मोठे दगड लावले आणि त्यांना चुना फासला. ठाण्याची बाई नंतर दोनदा बोलली. ती रागावली नाही. मुलगी, म्हणे, अजून विचारते, ती पानांची आजी कुठे आहे.

साइट आता चांगली चालते. दादा मागच्या दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडला नाही. काही आठवड्यांनी यंत्राने नवी चिठ्ठी वाचली आणि ठिपका कड्यावरून उठून आमच्या कौलांवर येऊन बसला. मी तो अजूनही रोज एकदा मोठा करून बघते.

आईला मी समजावलं, रागावले, शपथ घातली. तिने मान हलवली, जशी आधी हलवली होती. तेव्हा मी ओळखलं की फोन केला तरी ती जाणार आणि नाही केला तरी जाणार. म्हणून आता पावसाळ्यातही दर शनिवारी मी फोन करते, पण दिवेलागणीला नाही, भर दुपारी, उजेडात. तिला तसं सांगून ठेवलं आहे. म्हटलं आहे की दुपारी ये, दोन शब्द बोल आणि लगेच घरी जा.

ती पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलते. मागे पावसाचा आवाज इरल्यावर येत असतो. कधीपासून बसलीस, हे मी तिला एकदाही विचारलेलं नाही. ती खरं सांगेल, याची मला भीती वाटते.